शकूची जाळी

आयुष्यभर मी लोकांना एकच गोष्ट सांगून पगार घेतला. ती म्हणजे, "हलू नका." पुढं पुढं सवय इतकी जडली की रेशनच्या रांगेत पुढच्या बाईच्या कडेवरचं पोर वळवळायला लागलं तरी माझ्या तोंडून तेच निघायचं. आमचे हे म्हणायचे, "या घरात डासालासुद्धा हलायची चोरी आहे." मी त्यावरही हसत नसे. मला हसायला येत नाही अशी माझी लहानपणापासूनची ख्याती, आणि तिचा या गोष्टीशी संबंध आहे.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. डॉक्टरांनी लिहावं, ते शोभतं. मी टेक्निशियन. पेशंटला मशीनवर झोपवायचं, त्याचं डोकं पक्कं करायचं, बाहेर येऊन बटण दाबायचं आणि पडद्यावर नजर ठेवायची. यात लिहिण्यासारखं काय? पण मग वाटलं, डोकं पक्कं कसं करतात हे सांगायला बसलं की शकूबद्दल सांगता येईल. मला खरं तर तिच्याबद्दलच बोलायचंय. एरवी मी मनातलं जे काही बोलायची ते तिच्याशीच बोलायची, त्यामुळं तिच्याबद्दल कुणाशी बोलावं हेच कळत नाही.

आधी काम सांगते. मेंदूतली गाठ लहान असेल तर कवटी न उघडता ती बाहेरून जाळता येते. वेगवेगळ्या दिशांनी बारीक किरण सोडायचे. एकटा किरण दुबळा असतो, पण सगळे जिथं भेटतात तिथं गाठीचं काम तमाम होतं. याला रेडिओसर्जरी म्हणतात. सर्जरी म्हणायची आणि सुरी नाही, टाके नाहीत, रक्त नाही. अडचण एकच, किरण ठरल्या जागीच भेटले पाहिजेत. मान जराशी कलली तरी गाठ बाजूला राहते आणि शेजारचा चांगला मेंदू भाजतो. त्या शेजारात कुणाची नजर असते, कुणाचा तोल असतो, कुणाचं बोलणं असतं. म्हणून डोकं धरून ठेवायचं, आणि ते कसं धरायचं यावर आमच्या खात्यात कायम वाद चालायचा.

जुनी रीत चौकटीची. धातूची चौकट डोक्याभोवती बसवायची आणि चार स्क्रूंनी ती कवटीच्या हाडाला घट्ट करायची. ऐकून अंगावर काटा येतो, पण आधी बधिर करायचं इंजेक्शन देतात आणि स्क्रू हाडाला नुसते टेकतात, आत शिरत नाहीत. मात्र परभणीच्या बसस्टँडवर पोचेपर्यंत या गोष्टीची "डोक्यात खिळे ठोकतात" अशी बातमी झालेली असायची. मी नोकरीला दूरच्या मोठ्या शहरात होते. आमच्या जिल्ह्याचा पेशंट आला आणि खिळ्यांना भिऊन परत निघाला की डॉक्टर मला हाक मारायचे, "तुमचा माणूस आलाय, तुमच्या भाषेत समजावा." मी जाऊन म्हणायची, "कामून भ्यायलाव? मी हाय ना." निम्मी भीती तिथंच उतरायची. मलाही बरं वाटायचं, कारण त्या शहरात "कामून" म्हणायला दुसरं कुणी मिळत नसे.

पेडगावच्या दगडूबाबांना असंच मी राजी केलं. चौकट सकाळी बसवतात, मग स्कॅन होतो, मग फिजिसिस्ट लोक किरणांचा हिशोब मांडतात. तोवर पेशंटनं चौकट घालून वाट बघत बसायचं असतं. दगडूबाबा बसले नाहीत. सगळ्यांची नजर चुकवून ते दवाखान्याबाहेरच्या टपरीवर चहाला गेले. मी धावत पोचले तर भोवती हीऽ गर्दी. चौकटीची पुढची दांडी आड येत असल्यानं कप तोंडाला लागेना, तेव्हा शेजारच्या शहाळेवाल्याकडून नळी मागून बाबा चहा ओढत होते आणि लोकांना सांगत होते, "मखर हाय हे. डोक्यात गणपती बसवायलेत." मी त्यांना दंडाला धरून आणलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. ते म्हणाले, "बाई, बैलाला येसण घालताना त्याला काय वाटत आसंल ते मला आज कळलं. पण एक हाय, हलायचं म्हटलं तर हलता येत न्हाई."

चौकटीचा सगळा मोठेपणा बाबांनी एका वाक्यात सांगितला. हाडाला धरलेलं डोकं हलत नाही. पण ती बसवली की स्कॅनपासून किरणांपर्यंत सगळं त्याच दिवशी उरकावं लागतं. किरण थोडे थोडे करून काही दिवसांत द्यायचे असतील तर रोज उठून माणसाला स्क्रू कोण लावणार? त्यावर मध्ये एक उपाय निघाला होता, दातात धरायच्या साच्याचा. पेशंटनं साचा दातांत घट्ट धरायचा आणि साचा मशीनला जोडायचा. कागदावर फार छान. आमच्याकडून येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात दातच नसायचे.

मग आली जाळी. कागदोपत्री तिला मास्क म्हणतात, पण आमचे पेशंट जाळीच म्हणायचे आणि मीही तेच म्हणते. पांढऱ्या, कडक प्लॅस्टिकचा भोकाभोकांचा पत्रा असतो. गरम पाण्यात घातला की तो ओल्या फडक्यासारखा मऊ होतो. तो चेहऱ्यावर ताणून बसवायचा आणि गार होईपर्यंत दोन्ही हातांनी दाबत राहायचं. कपाळ, नाकाचा वरचा भाग, हनुवटी. गार होताना तो आवळतो आणि त्या माणसाचा चेहरा त्यात कायमचा उमटतो. मग दर खेपेला तीच जाळी घालून, कडेची कुलपं टेबलाला लावली की डोकं पुन्हा त्याच जागी येतं. दुखत नाही, चार दिवस चालते. पण ती कातडीला धरते, हाडाला नाही. म्हणून दर वेळी किरण सोडण्याआधी फोटो काढून हाडं जुळवून बघावी लागतात.

आणि कातडी बेइमान असते. गोळ्यांनी चेहरा सुजतो, जाळी बसत नाही. कुणी जाळी करताना कवळी घालून येतो आणि किरणांच्या दिवशी कवळी घरी. एकानं गालात सुपारी धरून जाळी करून घेतली आणि नंतर रोज तो गाल रिकामा. सोनपेठकडच्या एका दाट केसांच्या माणसाची जाळी आम्ही अगदी बेतशीर बसवली होती. पहिल्या दिवशी तो आला तो तुळतुळीत गोटा करून, मिशीसुद्धा नाही. जाळी डोक्यावर खुळखुळायला लागली. मी भडकले. "सांगितलं होतं ना, केस कापायचे नाहीत म्हणून?" तो शांतपणे म्हणाला, "बाप गेला, बाई. मंग काय करू?" मी नवा पत्रा गरम पाण्यात सोडला. नवी जाळी करताना तो पुटपुटला, "आता पक्की करा. डोकं भादरावं असं घरात कुणी ऱ्हायलं न्हाई." तो गेल्यावर मी बराच वेळ हात धूत उभी होते.

थोडक्यात, मी चौकटवाली होते. हाड खोटं बोलत नाही, हे माझं मत सगळ्या खात्याला पाठ होतं. शकू आली आणि माझं मत माझ्याच कामाचं राहिलं नाही.

शकू म्हणजे शकुंतला, माझी बालमैत्रीण. सोनपेठजवळ गंगाकाठी आमचं गाव. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिचे वडील गावातल्या देवळात पूजेला, माझे वडील गावातले पहिले बौद्ध शिक्षक. तिच्या घरी मला पाणी द्यायचा पेला वेगळा असायचा, आणि शकू सगळ्यांसमोर मुद्दाम त्याच पेल्यातून पाणी प्यायची. तिच्या आईनं शेवटी पेले वेगळे ठेवायचा नाद सोडला. शकू भांडून कधी काही करायची नाही. हसून करायची. नको तिथं हसायची, प्रार्थनेत, मयतीत, साहेब तपासणीला आले तरी.

उन्हाळ्यात गंगेचं पाणी मागं सरलं की काठाला मऊ गाळ उघडा पडायचा. आमचा खेळ असा, की तो गाळ एकमेकींच्या चेहऱ्यावर थापायचा आणि समोरासमोर बसायचं. वाळेपर्यंत हसायचं नाही. हसलं की गाळाला तडे जातात, तडा गेला की हरली. मी दगडासारखी बसायची. शकूला दम निघत नसे. "इमल, गाळ वाळायलाय बघ," एवढं मला म्हणायची आणि स्वतःच फुटायची. त्या खेळात मी एकदाही हरले नाही, आणि ती जिंकायचा हट्ट कधी सोडत नसे.

पुढं ती चारठाण्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. मी हे शिक्षण घेऊन शहरात गेले. तिला छातीचा कॅन्सर झाला, त्यातून ती उठलीही. काही वर्षं बरी गेली. मग एके दिवशी फोनवर बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "इमल, माझे शब्द सांडायलेत. पंख्याकडं बोट करून मी मंदाला म्हणले, चाळणी बंद कर." मंदा तिची मुलगी. शकू हे सांगून हसली, पण त्या हसण्यात मला पहिल्यांदा भीती ऐकू आली.

स्कॅनमध्ये मेंदूत डाव्या बाजूला गाठ दिसली, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. मायलेकी माझ्याच घरी उतरल्या. डॉक्टरांनी दोन्ही रीती समजावल्या. चौकट घातली तर एका दिवसात मोकळं. जाळी घातली तर किरण तीन भागांत द्यायचे, शेजारच्या मेंदूला जरा उसंत मिळते, आणि डॉक्टरांचा कल तिकडं होता. शकूनं एकच विचारलं, "माझं बोलणं ऱ्हाईल का?" डॉक्टर भले होते, त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, गाठ अशीच वाढू दिली तर जाईल, किरण एवढेसे चुकले तरी जाईल, आणि नीट लागले तर बहुतेक राहील.

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "मला मरायचं भ्या न्हाई. मुकी होऊन जगायचं न्हाई. तू सांग, काय करू?"

टेक्निशियननं पेशंटला असा सल्ला द्यायचा नसतो. मी मैत्रीण म्हणून म्हटलं, "मी चौकट घेतली असती."

"चौकट तू बसवतीस का?"

"नाही, डॉक्टर बसवतात."

"आन् जाळी?"

"जाळी मी करते."

"मंग जाळीच. तुझे हात लागतील." एवढं बोलून ती चहा कुठं मिळतो ते बघायला उठली. मी बाकावरच बसून राहिले, माझ्या हातांकडं बघत.

जाळीच्या दिवशी मी तिला दटावून ठेवलं होतं. बोलायचं नाही, गिळायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. गरम पाण्यातून पत्रा काढला, निथळला, तिच्या चेहऱ्यावर ताणला. ओलं, ऊबदार, जड काहीतरी चेहऱ्यावर बसलं आणि माझे हात वरून दाबायला लागले. तळव्याखाली मला कळलं, तिचे गाल वर चढायलेत. मी करवादले, "शके!" त्यानं तर ते जास्तच चढले. ती आवाज न करता हसत होती, पोट गदगदत होतं, आणि डोळे मिटलेले. पत्रा गार होत आला होता. मी काही करू शकले नाही. स्कॅन संपेपर्यंत ते हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच होतं. जाळी काढल्यावर म्हणाली, "मला गंगेवर गेल्यावानी झालं गं."

पहिल्या दिवशी किरणांसाठी ती टेबलावर झोपली, मी जाळी घातली. कपाळ घट्ट, नाक घट्ट, पण गालांपाशी पोकळी. त्या दिवशी तिला हसू नव्हतं. आमचे फिजिसिस्ट मोजून मापून बोलणारे गृहस्थ. त्यांनी फोटो जुळवून पाहिला. म्हणाले, "हाडं जुळतात. नवीन जाळी म्हणजे नवीन स्कॅन, नवीन हिशोब, तेवढे दिवस आपल्याकडं नाहीत. पण गाल मोकळे राहिले तर हलायला वाव राहतो." मग चष्मा पुसत त्यांनी मला सांगितलं, "बाई, यांना हसवा आणि मग कुलपं लावा."

आता आली का पंचाईत! अख्ख्या दवाखान्यात मी एक अशी, जिनं कधी कुणाला हसवलं नाही. पण त्या दिवशी मला काही करावंच लागलं नाही. फिजिसिस्टचं वाक्य ऐकूनच शकू हसली. मी कुलपं लावली.

दुसरा दिवस वाईट होता. सकाळी माझ्या स्वयंपाकघरात ती मंदाला हाक मारायला गेली आणि नाव आलंच नाही. ओठ हलत होते, डोळे पोरीवर खिळलेले, आणि नाव नाही. मंदा "आई, आई" करत रडायला लागली. शकू रडली नाही, पण टेबलावर झोपवल्यावर तिच्या कानशिलांवरून पाणी ओघळत होतं. जाळी घातली. गाल रिकामे. मी टोपणनावानं हाक मारली, जुन्या मास्तरांची नक्कल केली, जी मला येत नाही. काही उपयोग नाही. बाहेर सगळे खोळंबले होते. मी दोन्ही तळवे जाळीवर ठेवले, जाळी करताना ठेवले होते तसे, आणि वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "शके, गाळ वाळायलाय बघ."

तळव्याखाली गाल हळूहळू वर आले. जाळी भरली. मी कुलपं लावून बाहेर आले, बटण दाबलं, आणि किरण संपेपर्यंत पडद्यावरून डोळा हलवला नाही. एवढी वर्षं दुसऱ्यांना हलू नका म्हणत होते, पण असं न हलणं मला त्या दिवशीच कळलं.

तिसऱ्या दिवशी तिनं खूण केली, थांब, आणि स्वतःच हसून डोळे मिटले. काम झाल्यावर मी जाळी उचलली. तिच्या चेहऱ्यावर भोकांची नक्षी उमटली होती. ती उठून बसली आणि सावकाश, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "इमल, तू... आजबी... हसली न्हाईस." मग म्हणाली, "मरायच्या आधी एकदा तरी तुला हरवणार हाय मी."

गाठ आक्रसली. शब्द एकेक करून परत आले. मंदाचं नाव आधी आलं आणि शिव्या सगळ्यात शेवटी, असं ती सांगायची. जाळी तिनं मागून घरी नेली. काम झालेली जाळी कुणी मागितली तर आम्ही देऊन टाकायचो. लोक ती माळ्यावर टाकतात किंवा भिऊन फेकून देतात. शकूनं ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून तिच्यात लसूण ठेवला. "हवा लागती, मोड येत न्हाईत," म्हणाली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. काय स्वयंपाक, कोण भेटलं, कुणाची सून कशी. मी कामाच्या घाईत "हं, हं" करत ऐकायची. तेव्हा वाटायचं, रिटायर झाल्यावर परभणीला घर घेऊ, दोघी जवळ राहू, मग निवांत ऐकू. तिनं परभणीतल्या तिच्या गल्लीत माझ्यासाठी घरही बघून ठेवलं होतं, मागं अंगण असलेलं.

मग तिचा आजार यकृतात निघाला. तिथं माझ्या चौकटीचं आणि जाळीचं काही चालत नाही. शेवटपर्यंत ती बोलत होती, असं मंदा सांगते. जायच्या आदल्या दिवशी माझ्याशीही बोलली. मी नोकरीवर होते, "नंतर करते" म्हणून फोन ठेवला.

रिटायर झाल्यावर मी ते घर घेतलं. मागं अंगण आहे. संध्याकाळी फोन शेजारी घेऊन बसायची सवय अजून गेलेली नाही. नव्या मशिनी आल्यात म्हणे, कॅमेऱ्यानं कातडीवर लक्ष ठेवणाऱ्या, आणि नाकडोळे उघडे ठेवणाऱ्या जाळ्या. चांगलं आहे, माणसं कमी गुदमरतील. मला मात्र ती गरम पाण्याची वाफ आठवते आणि तळव्याखाली आलेले ते गाल. एवढी माणसं माझ्या हाताखालून गेली, पण जीव तुटतो तो त्या एका स्पर्शासाठी.

परवा घराची साफसफाई करता करता मंदा दुपारी माझ्याकडं आली आणि ती जाळी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "मावशी, टाकवंना मला. तुमीच ठिवा." ती गेल्यावर मी अंगणात बसले. जाळीला अजून लसणाचा वास होता. मी ती चेहऱ्यावर धरली. कपाळाला टेकली, नाकाला जरा टोचली, आणि गालांपाशी मोकळीच राहिली. दुसऱ्याची जाळी आपल्याला बसत नाही, हे मी शेकडो लोकांना सांगितलेलं. काढायला हात उचलला, आणि उगीचच तोंडून निघालं, "गाळ वाळायलाय बघ."

माझे गाल वर आले. जाळी दोन्ही बाजूंनी अलगद येऊन टेकली, बेतून केल्यासारखी. मी तशीच बसून राहिले, हसत, आणि डोळ्यांतलं पाणी त्या भोकांतून बाहेर येत होतं.

शके, हरले मी.